इंदूरची कंपनी विकताना: मूल्यांकन, करारनामा आणि प्रत्यक्ष हाती आलेले पैसे

८ ऑगस्ट २०२५ रोजी आमच्या इंदूरच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचे सर्व शेअर मुंबईच्या एका मोठ्या खासगी कंपनीच्या डीमॅट खात्यात जमा झाले. पहिल्या फोनपासून त्या दिवसापर्यंत साधारण आठ महिने गेले. कंपनीसाठी भांडवल कसे उभारावे याविषयी वाचायला पुष्कळ मिळते. ती विकताना कोणता कागद कोणत्या टप्प्यावर लागतो, आणि ठरलेल्या किमतीपैकी किती रक्कम कोणत्या महिन्यात मिळते, याविषयी फारच थोडे सापडते. म्हणून हा अनुभव घटनाक्रमाने लिहीत आहे. गोपनीयतेच्या कलमामुळे किंमत सांगता येत नाही, त्यामुळे खरेदीदाराने देऊ केलेली किंमत १०० रुपये मानून पुढचे सर्व हिशेब त्याच प्रमाणात दिले आहेत. सल्लागारांची फी मात्र खऱ्या रुपयांत आहे.

आमचे सॉफ्टवेअर औषधांच्या घाऊक व्यापाऱ्यांसाठी होते. मुदत संपलेली औषधे उत्पादकाकडे परत पाठवणे आणि त्याची क्रेडिट नोट वसूल करणे, एवढेच त्याचे काम. २०१९ साली मी आणि माझ्या अभियांत्रिकीच्या वर्गातील एका मित्राने ही कंपनी नोंदवली आणि पहिले ग्राहक दवाबाजारात पायी फिरून मिळवले. सप्टेंबर २०२१ मध्ये चार एंजल गुंतवणूकदारांनी, म्हणजे नव्या कंपनीत स्वतःचा पैसा घालणाऱ्या व्यक्तींनी, मिळून २० टक्के हिस्सा घेतला. त्यांच्यापैकी एक जण न्यू जर्सीत राहणारे, मूळचे रामबागेतले. आमच्या दोघांकडे ७२ टक्के आणि कर्मचाऱ्यांच्या ईसॉपसाठी (ठरलेल्या किमतीत शेअर घेण्याच्या हक्कासाठी) राखलेले ८ टक्के, अशी ती विभागणी शेवटपर्यंत टिकली.

२०२१ च्या त्या कागदांविषयी आधी सांगायला हवे, कारण २०२५ मध्ये आमचा निम्मा वेळ त्यांच्यातच गेला. गुंतवणूकदारांना आम्ही सीसीपीएस, म्हणजे पुढे सक्तीने साध्या शेअरांत बदलणारे प्राधान्य शेअर दिले होते. त्यांच्या पहिल्या मसुद्यात अशी अट होती की, कंपनी विकली गेल्यास ते आधी आपली मूळ रक्कम काढून घेतील आणि उरलेल्या रकमेतही २० टक्के वाटा घेतील. आमच्या वकिलांनी हे दुहेरी मापाचे कलम काढून ‘मूळ रक्कम किंवा टक्केवारीचा वाटा, दोहोंपैकी जे जास्त असेल ते’ असे करून घेतले. त्या वेळी हा मुद्दा मला पुस्तकी वाटला होता. विक्रीच्या हिशेबात तो असा उतरला: व्यवहाराच्या दिवशी वाटायची रक्कम ८३ रुपये होती आणि गुंतवणूकदारांची मूळ रक्कम १२.५० रुपये होती. नव्या कलमाप्रमाणे त्यांना ८३ चे २० टक्के, म्हणजे १६.६० रुपये मिळाले. जुन्या मसुद्याप्रमाणे १२.५० आणि उरलेल्या ७०.५० चे २० टक्के मिळून २६.६० रुपये गेले असते. शंभरातले दहा रुपये त्या एका वाक्यावर अवलंबून होते. पहिली टर्म शीट, म्हणजे व्यवहाराच्या मुख्य अटींचा कागद, हाती येतो तेव्हा सगळ्यांचे लक्ष मूल्यांकनाच्या आकड्याकडे असते. माझ्या मते आधी हे कलम वाचावे.

डिसेंबर २०२४ मध्ये खरेदीदाराचा पहिला फोन आला. जानेवारीत गोपनीयता करार झाला आणि त्यांनी मासिक उत्पन्नाचे तक्ते मागितले. विक्री जुळवून देणाऱ्या एका सल्लागाराशी आम्ही बोललो होतो; त्यांना किमतीच्या ३ टक्के आणि दरमहा वेगळी फी हवी होती. खरेदीदार आधीच समोर असल्यामुळे आम्ही तो खर्च टाळला आणि तो पैसा चांगल्या वकिलावर घालवला. मुंबईच्या वकिलांनी साडेसहा लाख रुपये अधिक जीएसटी अशी ठराविक फी घेतली. तासावर फी ठरवली असती तर काय झाले असते, हे करारनाम्याच्या मसुद्यांची संख्या पाहून लक्षात आले.

किंमत कशी ठरली, याचे उत्तर अनेकांना निराश करील. भविष्यातील रोख प्रवाहाचे आमचे देखणे गणित खरेदीदाराने बाजूला ठेवले. त्यांनी नियमित वार्षिक वर्गणीचे उत्पन्न घेतले, त्याला एका पटीने गुणले, आणि आमच्या एकाच साखळी वितरकाकडून १९ टक्के उत्पन्न येते म्हणून ती पट खाली आणली. ती पट पुन्हा थोडी वर नेण्यासाठी उपयोगी पडला तो एकच तक्ता: २०२० साली जोडलेल्या ग्राहकांपैकी किती जण आजही पैसे भरतात, आणि तेव्हा भरत होते त्यापेक्षा किती जास्त भरतात. हा तक्ता दर तिमाहीला करून ठेवण्याची सवय आमच्या सीए साहेबांनी लावली होती. साठलेल्या तोट्याला खरेदीदाराने शून्य किंमत दिली, कारण आमच्यासारख्या मोजक्या भागधारकांच्या कंपनीत ५१ टक्के मतहक्क जुन्या हातांत राहिला नाही, तर तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ७९ नुसार मागील व्यवसायतोटा पुढे ओढता येत नसे.

फेब्रुवारीच्या अखेरीस टर्म शीटवर सह्या झाल्या. त्यात साठ दिवस इतर कोणाशीही विक्रीची बोलणी न करण्याचे बंधन होते. घरी सांगितले तेव्हा बाबांनी पहिला प्रश्न विचारला, ‘इसार किती मिळाला?’ काहीच मिळाला नव्हता. टर्म शीट हा बहुतांशी बंधनकारक नसलेला कागद असतो. गोपनीयता आणि ही एकनिष्ठेची मुदत एवढेच बांधून घेतलेले असते, आणि तेही प्रामुख्याने विकणाऱ्याला. मुदत वाढवायची असेल तर त्या बदल्यात काही मागावे. आम्ही एप्रिलमध्ये मुदत वाढवून देताना, किमतीवर पुन्हा चर्चा होणार नाही असे ईमेलने लिहून घेतले.

मार्चमध्ये ड्यू डिलिजन्स, म्हणजे खरेदीपूर्वीची कागदपत्रांची तपासणी, सुरू झाले. शेकडो प्रश्नांचा तक्ता आला आणि त्यातील प्रत्येक उत्तरासाठी डेटा रूममध्ये, म्हणजे त्यासाठीच्या ऑनलाइन कागदसंग्रहात, कागद चढवायचा होता. खरेदीदाराच्या चमूने पहिली सविस्तर बैठक १९ मार्चला ठेवली. त्या दिवशी रंगपंचमी होती, राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते आणि इंदुरात त्या दिवशी कुठलेही काम होत नाही, हे मुंबईला समजावून सांगावे लागले. बैठक दुसऱ्या दिवशी झाली.

सर्वांत चिवट प्रश्न कोडच्या मालकी हक्कांचा निघाला. कर्मचाऱ्याने नोकरीत लिहिलेला कोड सामान्यतः मालकाचा असतो. बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या कोडला तो नियम लागू होत नाही. सुरुवातीच्या काळात उज्जैनच्या एका स्वतंत्र प्रोग्रॅमरने आमचा बारकोड वाचणारा भाग लिहिला होता आणि पैसे घेऊन एका पानाचे हस्तांतरपत्रही दिले होते. खरेदीदाराच्या वकिलांनी कॉपीराइट कायद्याचे कलम १९ समोर ठेवले. हस्तांतरपत्रात मुदत लिहिलेली नसेल तर ते पाच वर्षांचे मानले जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरते. आमच्या पत्रात दोन्हींचा उल्लेख नव्हता आणि पाच वर्षे संपत आली होती. ते गृहस्थ आता नोकरीनिमित्त बंगळुरूला असतात. त्यांनी समजूतदारपणे नव्या करारनाम्यावर सही केली आणि आम्ही त्यांना योग्य तो मोबदला दिला. पण विक्री चालू आहे हे कळल्यावर एखादा माणूस कितीही मागू शकला असता. कंपनी नोंदवण्यापूर्वी आम्ही दोघांनी स्वतः लिहिलेल्या कोडसाठीही वेगळे हस्तांतरपत्र करावे लागले. मध्य प्रदेशात ई-स्टॅम्प ‘संपदा’ पोर्टलवरून निघतो, त्यामुळे त्या कामाला वेळ लागला नाही.

दुसरा अनपेक्षित प्रश्न होता, ‘कंपनीच्या नावावर मोटार आहे का?’ त्याचे मूळ २०२१ मध्ये होते. त्या काळी मूल्यांकनापेक्षा जास्त भावाने शेअर दिले तर निवासी गुंतवणूकदारांकडून आलेल्या जादा रकमेवर, ज्याला सगळे एंजल टॅक्स म्हणत, कंपनीला आयकर लागू शकत असे. केंद्राच्या उद्योग विभागाची (डीपीआयआयटी) मान्यता असलेल्या स्टार्टअपने फॉर्म २ भरून घोषणापत्र दिले की त्यातून सूट मिळे. पुढे २०२४ च्या दुसऱ्या वित्त कायद्याने हा करच काढून टाकला. परंतु फॉर्म २ मध्ये अशी अट होती की शेअर दिलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून सात वर्षे कंपनीने जमीनजुमला, दागिने, इतर कंपन्यांचे शेअर, दहा लाखांहून महाग वाहन अशा गोष्टींत पैसा गुंतवायचा नाही, आणि ही अट मोडल्यास जुनी सूट रद्द होते. आमच्याकडे मोटार नव्हती. एका पुरवठादाराला दिलेल्या आगाऊ रकमेचा खुलासा मात्र करावा लागला, कारण कर्जे आणि उचल हेही त्या यादीत येते.

बँकेचे ओव्हरड्राफ्ट खाते आम्ही सप्टेंबर २०२४ मध्ये बंद केले होते, तरी कंपनी निबंधकांच्या नोंदीत बँकेचा बोजा तसाच दिसत होता. तो उतरवण्यासाठी सीएचजी-४ हा फॉर्म भरावा लागतो, आणि त्याला बँकेचे पत्र लागते. शाखेतील अधिकारी बदलले होते आणि पत्र निघायला मे महिना उजाडला. परतफेडीनंतर तीस दिवस उलटले तर जादा शुल्क द्यावे लागते. तीनशे दिवसही उलटले तर प्रकरण फारच किचकट होते. इंदूरच्या कंपन्यांचे निबंधक ग्वाल्हेरला बसतात. हल्ली सर्व काम पोर्टलवर होत असल्याने तिकडे जावे लागले नाही.

मे आणि जूनमध्ये खरा वाद झाला तो कशाला ‘कर्ज’ म्हणायचे यावर. कंपनीची किंमत रोख जमेस धरून आणि कर्ज वजा करून मोजली जाते, हे आम्हाला मान्य होते, आणि आमच्यावर तर बँकेचे एक रुपयाही कर्ज नव्हते. पण खरेदीदाराने कर्जासमान देणी म्हणून तीन गोष्टी मांडल्या: कर्मचाऱ्यांची साठलेली ग्रॅच्युइटी, न भरलेला चालू वर्षाचा कर, आणि ग्राहकांनी वर्षभरासाठी आगाऊ भरलेली वर्गणी. पहिल्या दोन्ही आम्ही मान्य केल्या. तिसरी फार मोठी होती. त्यांचे म्हणणे असे की पैसे तुम्ही घेतले आहेत आणि सेवा आम्हाला द्यायची आहे. आमचे म्हणणे असे की सेवा द्यायला तुम्हाला वर्गणीएवढा खर्च येणार नाही, सर्व्हर आणि मदतकक्ष एवढाच खर्च आहे, आणि नूतनीकरणाचा पूर्ण फायदा तर तुम्हालाच मिळणार आहे. दोन आठवडे ईमेल फिरत राहिले. शेवटी सेवेचा प्रत्यक्ष खर्च, म्हणजे आगाऊ वर्गणीच्या सुमारे तीस टक्के, वजा करायचे ठरले. ज्यांचे ग्राहक वार्षिक रक्कम आगाऊ भरतात, त्यांनी हा मुद्दा टर्म शीटमध्येच लिहून घ्यावा. सही झाल्यानंतर तो काढला की विकणारा नेहमी अडचणीत असतो.

२७ जूनला शेअर खरेदी करारनाम्यावर सह्या झाल्या तेव्हा १०० रुपयांची फोड अशी होती. १६ रुपये अर्न-आउट म्हणून पुढील वर्षी, ठराविक ग्राहक टिकले तरच मिळणार. उरलेल्या ८४ मध्ये खात्यातील रोख ६ मिळवले आणि कर्जासमान देणी ७ वजा केली, म्हणजे ८३ झाले. त्यातील १० रुपये अठरा महिने एस्क्रो खात्यात, म्हणजे त्रयस्थाकडे, राहणार, आमची एखादी हमी खोटी ठरल्यास भरपाईसाठी. व्यवहाराच्या दिवशी सर्व भागधारकांना मिळून ७३ रुपये.

हमी म्हणजे कंपनीविषयी आम्ही लिहून दिलेली पन्नासेक पाने विधाने: कर भरलेला आहे, खटले नाहीत, कोड आमचाच आहे, इत्यादी. जे विधान पूर्ण खरे नाही त्याचा अपवाद ‘डिस्क्लोजर लेटर’मध्ये लिहायचा असतो, आणि जो अपवाद नीट लिहिला त्यासाठी सामान्यतः भरपाई मागता येत नाही. हे पत्र वकिलांवर सोडू नये. जीएसटीच्या एका जुन्या नोटिशीची, दोन ग्राहकांच्या तोंडी तक्रारींची आणि एका सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या थकीत रजेच्या पैशांची माहिती फक्त आम्हालाच होती. त्या पत्राच्या प्रत्येक ओळीवर माझी झोप गेली, पण सर्व काळात मनाला थोडा आधार मिळाला तोही तेथेच.

न्यू जर्सीच्या गुंतवणूकदारांमुळे एक वेगळाच फाटा फुटला. अनिवासी व्यक्तीकडून निवासी खरेदीदाराकडे शेअर जाताना परकीय चलनविषयक नियमांनुसार एकूण मोबदल्याच्या जास्तीत जास्त २५ टक्के रक्कम पुढे ढकलता किंवा एस्क्रोत ठेवता येते, तीही करारनाम्याच्या तारखेपासून अठरा महिन्यांपर्यंतच. आमचे १६ आणि १० मिळून एकूण मोबदल्याच्या (८३ अधिक १६, म्हणजे ९९) २६ टक्क्यांहून जास्त होत होते, शिवाय एस्क्रोचे अठरा महिने व्यवहाराच्या दिवसापासून मोजलेले होते. वकिलांनी दोन्ही रकमा मिळून मर्यादेत ठेवणे सुरक्षित मानले, म्हणून त्या गुंतवणूकदारांच्या वाट्यापुरता एस्क्रो कमी आणि मुदत लहान केली. खरेदीदाराला त्यांच्या रकमेतून तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम १९५ नुसार कर कापायचा असल्याने त्यांचे अमेरिकेतील कर-निवासी प्रमाणपत्र, फॉर्म १०एफ, १५सीबी आणि १५सीए हे सर्व जमवावे लागले. अमेरिकेचे प्रमाणपत्र यायला बराच वेळ लागतो. विक्रीची चाहूल लागताच त्यासाठी अर्ज करावा.

याच सुमारास एका कंपनीची किती मूल्ये असू शकतात, हेही कळले. तेव्हाच्या आयकर कायद्यातील भांडवली नफ्याच्या कलम ५०सीए साठी नियम ११यूए प्रमाणे केलेले, मुख्यतः ताळेबंदावर आधारलेले मूल्य आले ९ रुपये. अनिवासी गुंतवणूकदाराला वाजवी मूल्यापेक्षा जास्त भाव देता येत नाही, म्हणून केलेल्या दुसऱ्या मूल्यांकनात, जिथे भविष्यातील रोख प्रवाहाचे गणित अखेर उपयोगी पडले, आकडा आला १०४. ईसॉपवरील करासाठी मर्चंट बँकरचे मूल्यांकन लागते. तो आकडा होता ९२. करारातील मोबदला होता ९९. चारही कागदांवर सही-शिक्के आहेत आणि चारही कायदेशीर आहेत. मर्चंट बँकरचा अहवाल ईसॉप वापरण्याच्या तारखेआधी १८० दिवसांपेक्षा जुना चालत नाही, त्यामुळे तो फार लवकर करून घेऊ नये. या सर्व अहवालांचा आणि सीए साहेबांच्या कामाचा मिळून खर्च सव्वातीन लाखांच्या आसपास आला.

कर्मचाऱ्यांच्या बाबतीत काळजी एवढीच होती की ईसॉप वापरताच त्यांच्यावर पगारासारखा कर लागतो, आणि तो भरायला हातात पैसा नसतो. म्हणून ईसॉप वापरणे आणि शेअर विकणे एकाच दिवशी ठेवले आणि कर विक्रीच्या रकमेतून वळता केला. आमच्या चाचणी विभागातील एका मुलीने आदल्या दिवशी विचारले, ‘ताई, हे पैसे खरंच येणार ना?’ सकाळी अकराच्या सुमारास ते आले.

जुलै महिना डीमॅटमध्ये गेला. छोट्या कंपनीला त्या वेळी ती सक्ती नव्हती, पण दुसऱ्या कंपनीची उपकंपनी झाल्यावर ‘छोटी कंपनी’ हा दर्जा जातो, म्हणून खरेदीदाराने आधीच शेअर डीमॅट करून मागितले. आयएसआयएन, म्हणजे शेअरांचा ओळख क्रमांक, मिळवणे, प्रत्येक भागधारकाचे खाते उघडणे आणि पॅन व आधारवरील नावे जुळवणे यात तीन-चार आठवडे सहज जातात. हस्तांतरावरील ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्क विकणाऱ्यानेच डिपॉझिटरीमार्फत भरायचे असते. ती रक्कम आधी भरल्याशिवाय शेअर हलत नाहीत.

८ ऑगस्टला सकाळी पैसे, दुपारी शेअर आणि संध्याकाळी संचालक मंडळाची बैठक, असा क्रम होता. आम्ही दोघांनी राजीनामे दिले, नव्या संचालकांची नेमणूक झाली, बँकेचे आणि जीएसटीचे स्वाक्षरी अधिकारी बदलले. खासगी कंपनीला किमान दोन सदस्य लागतात, म्हणून एक शेअर खरेदीदाराच्या अधिकाऱ्याच्या नावे ठेवला गेला; त्यासाठी एमजीटी-६ आणि आमच्या राजीनाम्यांसाठी डीआयआर-१२ हे दोन्ही तीस दिवसांत भरायचे होते. परदेशी भागधारकासाठी एफसी-टीआरएस हा शेअर हस्तांतराचा फॉर्म साठ दिवसांत भरायचा असतो. हे फॉर्म खरेदीदार भरतो, तरी पावत्या मागून घ्याव्यात.

त्यानंतर गणपती आले आणि त्या धामधुमीतच आगाऊ कराची १५ सप्टेंबरची तारीख गाठायची होती. चोवीस महिन्यांहून जास्त काळ धरलेल्या, शेअर बाजारात नोंदणी नसलेल्या शेअरांच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के कर लागतो आणि त्यावर अधिभार व उपकर. घरासाठी भांडवली नफ्यावरील करात सूट (तेव्हाच्या कायद्यात कलम ५४एफ) घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की दोन-तीन वर्षांची मुदत हस्तांतराच्या तारखेपासून मोजली जाते, एस्क्रोचे पैसे हाती आल्यापासून नव्हे. न वापरलेली रक्कम विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी भांडवली नफा खाते योजनेत भरावी लागते.

शेवटची सूचना सह्यांच्या आधी अमलात आणायची आहे. व्यवहाराच्या दिवशी संध्याकाळीच आमचे कंपनीचे ईमेल बंद झाले आणि डेटा रूमही काही दिवसांत बंद झाली. हमीखाली दावा मात्र पुढे कित्येक महिने येऊ शकतो, आणि तेव्हा कोणता कागद कोणत्या तारखेला दाखवला होता हे सिद्ध करणे आमच्याकडे असते. म्हणून डेटा रूमची संपूर्ण प्रत तारखांसह एका ड्राइव्हवर घेऊन तिचा उल्लेख करारनाम्यातच करून घ्यावा. आमची एक प्रत वकिलांकडे आहे, दुसरी माझ्या लॉकरमध्ये. एस्क्रो फेब्रुवारी २०२७ मध्ये सुटेल.